लांबी न भरलेली जीप

दापोडीच्या एसटी वर्कशॉपात तुकाराम शेलारच्या हाताखाली जो कोणी शिकला, त्याने एक वाक्य हमखास ऐकलं. "लांबी म्हणजे लबाडी."

पत्र्याला खड्डा पडला की त्यात लांबी भरायची, म्हणजे पुटी. ती वाळली की घासून सपाट करायची आणि वरून रंग मारायचा. गाडी नवी दिसते. गिऱ्हाईक खूश, मुकादम खूश. मग दोन पावसाळ्यांनी पोपडा सुटतो आणि खालचा खड्डा होता तसाच दात विचकतो. तुकारामला हे पटत नसे. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी चालवायची आणि पत्रा आपल्या जागेवर परत येईपर्यंत हात थांबवायचा नाही. खांदे भरून येतात, बोटं बधिर होतात. झाली तर होऊ देत. एसटीत तीस वर्षं तो असंच काम करत आला होता.

२०११ साली तो न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आला. बायको, सरला, आदल्या वर्षी वारली होती. मुलगी जुई शिकायला म्हणून तिथे आली ती तिथेच राहिली. 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये तिची नोकरी. "बाबा, तिथे एकटे राहून भिंतींशी बोलणार का?" असं म्हणून तिने त्याला बोलावून घेतलं. इथे भिंती लाकडाच्या होत्या, एवढाच फरक. महिन्याभरात तो कंटाळला. जवळच एका पॅनेल बीटरकडे, म्हणजे गाड्यांचा पत्रा सरळ करणाऱ्याच्या शेडमध्ये, तो रोज जाऊन उभा राहू लागला. मालकाने एकदा गंमत म्हणून हातात हातोडी दिली. त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस त्याला तिथे काम मिळालं.

तिथेच त्याला श्रीनाथ भेटला.

एका लांबड्या निळ्या गाडीचं दार आत गेलं होतं. तुकाराम वाकून स्वतःशीच पुटपुटला, "कुठल्या आंधळ्याने ठोकलीय ही?"

मागून आवाज आला, "मीच तो आंधळा, काका."

श्रीनाथ पुण्याचा. कोथरूडचा. आयटीत मोठ्या हुद्द्यावर. वय पस्तिशीचं, बोलणं गोड, हसणं मोकळं. जुन्या लष्करी गाड्यांचं त्याला वेड होतं आणि तसल्या वेड्यांच्या एका क्लबात तो नुकताच शिरला होता. मॉरिन्सव्हिलजवळच्या एका फार्मवर महायुद्धातली जीप पडून आहे, घेऊ का, असं त्याने तुकारामला विचारलं. दोघे बघायला गेले. जीप गोठ्यामागच्या शेडमध्ये होती. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तळाचा पत्रा इतका सडला होता की त्यातून गवत वर आलं होतं.

"काका, होईल का?"

तुकारामने बोनेटवर हात फिरवला, बोटाने वाजवून पाहिलं. "हाड चांगलं आहे. मांस नवं घालावं लागेल."

"मग ठरलं. गाडी माझी, हात तुमचे. आणि माझा शब्द आहे काका, पहिल्या अँझॅक परेडला स्टेअरिंगवर तुम्ही."

अँझॅक डे म्हणजे पंचवीस एप्रिल. लढाईत गेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी तिथे माणसं पहाटे थंडीत उभी राहतात, छातीवर कागदाचं लाल फूल लावतात आणि फार बोलत नाहीत. तुकारामने तो दिवस आल्या वर्षीच पाहिला होता. जुईला म्हणाला होता, "ही माणसं मेलेल्यांना विसरत नाहीत. मला आवडलं." ज्या लढाईवरून हा दिवस पाळतात, तिला २०१५ च्या अँझॅकला शंभर वर्षं होणार होती. जीप त्याच्या आत उभी करायची, असं ठरलं.

त्या स्टेअरिंगसाठी तुकारामने काय काय केलं ते सांगायला हवं. पत्र्याचं काम तर होतंच. तळ पूर्ण नवा केला. गंजलेले बोल्ट तेलात भिजत ठेवले, चिडून एकही तोडला नाही. श्रीनाथ अधूनमधून म्हणायचा, "काका, इथे थोडी लांबी भरून टाकू या ना. कोणाला कळतंय?" तुकाराम म्हणायचा, "मला कळतंय." गाडी श्रीनाथच्या रोटोटुना भागातल्या घरी, दुहेरी गॅरेजमध्ये होती. तुकाराम बसने जायचा, दिवसभर ठोकायचा. संध्याकाळी श्रीनाथची बायको सिद्धी वरणभाताचं ताट गॅरेजमध्येच आणून द्यायची. "काका, हात तरी धुवा." "पोरी, हे हात धुऊन स्वच्छ होत नाहीत." सिद्धी बालवाडीत शिकवायची. तुकारामच्या काळ्या नखांना ती छोट्या मुलांसारखी रागे भरायची.

पण खरी मेहनत झाली लायसन्सला. तिथल्या नियमाने परीक्षा पुन्हा द्यावी लागली. इंग्रजी पुस्तक जुई वाचून दाखवायची, तो पाठ करायचा. पहिल्या वेळी नापास झाला. गाडी उत्तम चालवली, पण वळताना खांद्यावरून मान वळवून मागे पाहिलं नाही. "आरशात पाहिलं की मी!" तो जुईवर ओरडला. "बाबा, आरसा नाही चालत, मान वळवायची. ढिगाने लोक ह्याच्यावर फेल होतात." मग तो घरात खुर्चीवर बसून मान वळवायचा सराव करू लागला. दुसऱ्या वेळी पास झाला.

क्लबातला आणखी एक माणूस, ज्याच्याशी तुकारामची गट्टी जमली, तो म्हणजे मरे. ऐंशीला टेकलेला, वाकलेला, मोठ्या पंजांचा गोरा म्हातारा. त्याच्याकडे लष्करी ट्रक होता आणि शेडच्या भिंतीवर युद्धातल्या बंदुका होत्या. सगळ्या मुक्या. नळीत वेल्डिंग भरलेलं, खटका जागच्या जागी वितळवून जाम केलेला. त्यातली थ्री-नॉट-थ्री तुकारामने लगेच ओळखली. गावच्या फौजदार कचेरीतल्या शिपायाच्या खांद्यावर तसलीच असायची. वेल्डिंगवरून बोट फिरवत तो म्हणाला, "बिचारीचं तोंड शिवलंय. पण शिवणाऱ्याचा हात साफ आहे."

मरेचे वडील क्रीट बेटावरच्या लढाईत मारले गेले. मरे तेव्हा पाच वर्षांचा. वडिलांची आठवण म्हणजे स्टेशनावरचा एक खरखरीत लोकरी कोट, बस. हे त्याने तुकारामला एकदाच सांगितलं, हातवारे करून. तुकारामचं इंग्रजी कामापुरतं. स्पॅनर, बोल्ट, गुड, नो गुड. पण दोघे एका गाडीखाली तासन् तास झोपायचे आणि दोघांचं भागायचं.

नावाची मात्र अडचण होती. "सकाळी सकाळी धडधाकट माणसाला 'मरे' कशी हाक मारायची?" तुकाराम म्हणायचा. "अशुभ वाटतं." त्याने त्याचं नाव 'अमर' ठेवलं. जुईने अर्थ सांगितल्यावर म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. तेव्हापासून भेटला की तिथला माओरी नमस्कार, "किआ ओरा, टुक!" आणि इकडून "राम राम, अमर!"

२०१४ च्या ऑक्टोबरात रंगाचा शेवटचा हात झाला. हिरवट, बिनचमकीचा, लढाईतल्यासारखा. बोनेटवर साच्याने पांढरा तारा उठवला. आणि नेमकी खंडेनवमी आली. हत्यारांची, अवजारांची पूजा. वर्कशॉपात असताना तुकारामने ती कधी चुकवली नव्हती. तिथे ऑक्टोबरात वसंत असतो, झेंडू मिळेना. सिद्धीने सुपरमार्केटातून शेवंती आणली. जीपपुढे सतरंजी घालून तुकारामने आपली हातोडी, ठोकळा, पाने मांडले. मरेची थ्री-नॉट-थ्रीही तिथेच होती. काचेजवळ रायफल अडकवायच्या पकडी बनवायला तुकारामने ती ठेवून घेतली होती. तिलाही एक फूल वाहिलं. मुकी असली तरी हत्यारच.

श्रीनाथ फोनचा कॅमेरा सरसावून उभा होता. "सिद्धी, बोनेटवर मोठं स्वस्तिक काढ. ताऱ्याच्या खाली. फोटो पुण्याला पाठवायचाय."

"बोनेटवर नको," तुकाराम म्हणाला.

"का?"

"रंग बिनचमकीचा आहे. तेलात कालवलेलं कुंकू पितो तो. डाग जात नाही. टायरवर काढ, पुसता येईल."

"काका, पूजा आहे ही, पेंटिंग नाही!"

"नको म्हणतोय ना मी."

"अहो, माझी गाडी आहे की नाही? काढ गं."

सिद्धीने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग बोट बुडवून काढलं. चार ठिपके दिले. सुंदर काढलं होतं. तुकाराम मनातल्या मनात डाग काढायला काय लागेल ते ठरवत होता.

गॅरेजचं दार वर केलेलं होतं. तेवढ्यात मरे आला. रायफल न्यायला. ड्राइव्हवेवर दोन पावलं आला आणि थांबला. त्याची नजर बोनेटवर होती. 'किआ ओरा' झालं नाही.

श्रीनाथ पटकन पुढे झाला. भराभर इंग्रजीत बोलू लागला. तुकारामला आपलं नाव दोनदा ऐकू आलं. 'इंडिया' ऐकू आलं. 'ओल्ड' ऐकू आलं. बोलता बोलता श्रीनाथने तुकारामच्या खांद्यावर हात ठेवला. तुकारामला बरं वाटलं. स्वस्तिक म्हणजे काय, ते शुभ कसं, हे पोरगं समजावून देतंय, असं त्याला वाटलं.

मरे तुकारामकडे वळला. सावकाश विचारलं, "इज दॅट राइट, टुक?"

तुकारामने मान जोरात हलवली. तोंडभरून हसला. "येस, येस. गुड. व्हेरी गुड!"

मरेने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग वाकला, सतरंजीवरची रायफल उचलली आणि गेला. शेवंतीचं फूल वाटेत पडलं.

"काय झालं रे?"

"काही नाही, काका. जर्मनांचं चिन्ह तसंच होतं ना, त्यामुळे त्यांना जरा वाईट वाटलं. मी सगळं समजावलंय."

तुकारामला तो खरखरीत लोकरी कोट आठवला. अमरचा बाप! जर्मनांनी मारलेला! "अरे देवा," तो म्हणाला. "रंगाचा विचार केला, माणसाचा केला नाही. मी आत्ता जातो, पाय धरतो त्यांचे."

"तुम्ही नका जाऊ. इंग्लिशमध्ये आणखी घोळ व्हायचा. मी बोललोय ना. थोडे दिवस जाऊ देत."

मोठ्या माणसासारखं बोलला तो. तुकारामने ऐकलं.

डाग गेला नाहीच. पूर्ण बोनेट घासून खालच्या थरापर्यंत न्यावं लागलं. मशीन न लावता, हाताने, पाणी लावून घासायच्या पॉलिश कागदाने. आपण केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घ्यावं तसा तो घासत राहिला. पुन्हा रंग, पुन्हा तारा. बाजूने उजेड टाकून पाहिलं तरी खालचं काही दिसेना, तेव्हा थांबला.

मरे मात्र परत आला नाही. क्लबाच्या शेडमध्ये एकदा समोरासमोर आले, तर म्हातारा ट्रकच्या पलीकडून निघून गेला.

एप्रिल उजाडला. परेडच्या आदल्या आठवड्यात श्रीनाथ जीपच्या चाकातली हवा बघत बघत म्हणाला, "काका, एक प्रॉब्लेम झालाय. इन्शुरन्सचा नियम आहे. क्लबचा मेंबरच चालवू शकतो. तुम्ही मागे बसा ना, मस्त मजा येईल."

तुकाराम घरी आला, जेवला नाही. जुईने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

"असा कसा नियम निघाला एकदम? तुम्ही लायसन्स काढताना नव्हता?"

"असेल बाबा."

"बाबा, चपला घाला. आपण मरेंकडे जातोय."

मरेने दार उघडलं. आत या म्हणाला, पण चहाचं विचारलं नाही. जुईने नियमाचं विचारलं. तो म्हणाला, असला काही नियम नाही. तुकाराम नको असं क्लबातल्या बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यात मी एक आहे. मग तो जे बोलला ते जुईने मराठीत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"बोल ना."

"बाबा, ते म्हणतायत... श्रीनाथने त्या दिवशी त्यांना सांगितलं की, ते चिन्ह काढू नका, इथल्या लोकांच्या मनाला लागेल, हे मी काकांना चांगलं बजावलं होतं. पण म्हातारा खेडवळ आहे, हट्टी आहे. ऐकलं नाही, मुद्दाम काढलं." तिचा आवाज चढला. "आणि ते म्हणतायत, मी तुला तोंडावर विचारलं, हे खरं का. तू हसलास. म्हणालास, व्हेरी गुड."

भिंतीवर मुक्या बंदुका ओळीने होत्या. तुकारामला ती मान आठवली. इतकी जोरात हलवलेली.

"स्वस्तिक तुमच्याकडे काय असतं ते मी नंतर वाचलं," मरे म्हणाला. "चिन्हाचं मला काही नाही. कळूनसवरून केलंस आणि वर हसलास, ते लागलं."

तुकाराम जुईला म्हणाला, "सांग त्यांना. मी नको म्हणालो होतो."

"अहो बाबा, मग तेव्हाच..."

"पुढचंही सांग. रंग खराब होतो म्हणून नको म्हणालो होतो. त्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तो यायला हवा होता. जसंच्या तसं सांग, काही गोड करू नकोस."

जुईने सांगितलं. मरेने डोळे मिटले. मग त्याचे खांदे हलू लागले. "रंग!" तो म्हणाला. "अर्थात. रंगच असणार. तुझ्यासारखा माणूस दुसरं काय म्हणणार?" थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग काढलं कोणी?"

जुईने तोंड उघडलं. तुकारामने तिच्या हातावर हात ठेवला. "पूजेला सगळेच होतो."

मरेने पुन्हा विचारलं नाही. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा म्हणाला, गाडी त्याची, चालवायला कोणाला द्यायची ते माझ्या हातात नाही. पण माझ्या ट्रकात जागा आहे.

तिथून तुकाराम सरळ रोटोटुनाला गेला. जुईला गाडीतच बस म्हणाला. श्रीनाथ जीप पुसत होता.

"श्रीनाथ, अमरला काय सांगितलंस तू?"

श्रीनाथच्या हातातलं फडकं थांबलं. खोटं बोलायचा त्याने प्रयत्न केला नाही, एवढं मात्र खरं. "काका, त्या क्षणी तोंडातून निघून गेलं. त्यांचा चेहरा बघितला आणि घाबरलो."

"क्षण गेल्याला सहा महिने झाले."

"मग कसं सांगणार? जितके दिवस गेले तितकं अवघड झालं. काका, समजून घ्या. मला इथे आयुष्य काढायचंय. क्लबात ऑफिसचे लोक आहेत. माझ्या घरात, माझ्या गाडीवर, मी हौसेने असलं काही काढून घेतलं म्हटल्यावर... तुमचं तसं नाही. तुम्ही वयस्कर. तुम्हाला लोक समजून घेतात."

"समजून घ्यायला मी केलं काय होतं?"

आतल्या दारात सिद्धी आली होती. "मी सांगते त्यांना. मी काढलं म्हणून सांगते."

"तू मध्ये पडू नकोस," श्रीनाथ म्हणाला. "बालवाडीत कळलं तर?"

"पोरी, तुझं नाव मी घेतलेलं नाही. घेणारही नाही," तुकाराम म्हणाला. आणि श्रीनाथकडे बघत राहिला. अजून एक गोष्ट बाकी होती. ती त्याने बोलून दाखवली नाही. समोरच्याने बोलावी म्हणून थांबला.

श्रीनाथने जीपकडे पाहिलं. "आता चालकांची नावं वर गेलीत, काका. पुढच्या वर्षी नक्की. शब्द देतो."

तुकारामने कोपऱ्यातून आपली हातोडी आणि ठोकळा उचलला, पिशवीत टाकला. बाकीचे पाने तिथेच राहू दिले.

पंचवीस एप्रिलला सकाळी गारठा होता. तुकाराम रस्त्याच्या कडेला जुईजवळ उभा राहिला, छातीवर लाल फूल लावून. आधी बँड गेला, मग पदकं लावलेले म्हातारे, मग गाड्या. जीप आली. श्रीनाथ खाकी कपड्यांत, पाठ ताठ. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. गाडीने कुठे आचका दिला नाही, कुठे काही खडखडलं नाही. तिने कुठे अडून बसावं असं तुकारामला वाटत नव्हतं. पण त्याच्यावाचून तिचं काहीच अडलं नाही, आणि ते त्याला छातीत लागलं.

नंतर नदीकाठी स्मारकाजवळ गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. लोक जीपभोवती जमले. एका बाईने मडगार्डवरून हात फिरवला आणि काम कोणी केलं म्हणून विचारलं. एवढं इंग्रजी तुकारामला येत होतं.

"तीन वर्षं खपलो आम्ही," श्रीनाथ म्हणाला. मग त्याला तुकाराम दिसला. "अरे काका! या, या. चढा, फोटो काढू."

तुकाराम पुढे आला. बोनेटवर पंजा ठेवला, ताऱ्याच्या खाली, नेमका तिथे. पत्रा अजून गरम होता.

"श्रीनाथ," तो म्हणाला, "लांबी चांगली भरलीस हो."

"लांबी? कुठे?" श्रीनाथ मोठ्याने हसला. "चमचाभर तरी भरू दिलीत का तुम्ही?"

सिद्धी हसली नाही. तिने तोंड नदीकडे वळवलं.

तुकारामने हात उचलला आणि ओळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या ट्रककडे चालू लागला. मरेने आतून दार उघडलं. पायरी उंच होती. म्हाताऱ्याने हात पुढे केला, पण तुकाराम दांड्याला धरून स्वतःच चढला.

"स्वीट अ‍ॅज, टुक?" सगळं ठीक ना, असं त्याने विचारलं.

"चला, अमर."

ट्रक निघाला. वळताना खांद्यावरून मागे पाहायचं, हे त्या परीक्षेने त्याच्या मानेत पक्कं बसवलं होतं. आज गाडी त्याच्या हातात नव्हती. त्याने पाहिलं नाही.